आठवीसाठी मोजलेले अंतर

पनवेल तालुक्यातल्या सरकारी शाळांची बातमीदारी मी दहाएक वर्षे केली. त्या कामात नाट्य फारसे नसे. शाळेचा नळ गळू लागला तर त्याचा कागद मुख्याध्यापकांकडून केंद्रप्रमुखांकडे, तिथून तालुक्याला आणि पुढे अलिबागला जिल्हा परिषदेत जाई. तोवर कुणीतरी नळाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून काम भागवलेले असे. पटसंख्या, रिकाम्या जागा, वाचनाच्या चाचण्या, सभांची इतिवृत्ते, एवढ्यावर माझे आठवड्याचे दोन रकाने भरत. एका बातमीत मात्र माझी स्कूटर वापरली गेली. बातमी लिहिताना मी तो उल्लेख टाळला होता.

गाव कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे, महामार्गाच्या अलीकडे. नव्या शहरासाठी भातशेती संपादित झाल्यावर मूळच्या आगरी कुटुंबांनी घरांभोवती चाळी बांधल्या आणि खोल्या भाड्याने दिल्या. भाडेकरू म्हणजे ट्रेलरचालक, लोखंड उतरवणारे माथाडी, गोदामांचे पहारेकरी. कुणी लातूरकडचे, कुणी गुलबर्ग्याचे, कुणी थेट उत्तर प्रदेशातले. सकाळी गावकऱ्यांची मुले पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत जात आणि चाळींतली मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत येत. बस शाळेच्या फाटकासमोरच वळण घेई, त्यामुळे दोन्हीकडची पोरे एकमेकांना रोज बघत.

शाळा चांगली होती. हे मी ऐकीव सांगत नाही. एका तपासणीत मी मागच्या बाकावर बसलो होतो. घरी कन्नड बोलणाऱ्या चौथीतल्या मुलीने माझीच बातमी न अडखळता वाचून दाखवली आणि शेवटी विचारले, ‘इतिवृत्त म्हणजे काय?’ तपासायला आलेल्या अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. मला ते तिला समजेल असे सांगता आले नाही. मुख्याध्यापिकांनी सांगितले. त्यांना गावात सगळे मोठ्या बाई म्हणत.

शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा महामार्गापलीकडे. मोठ्या बाईंच्या नोंदवहीत शाळा सोडून गेलेल्या मुलांपुढे नव्या शाळेचे नाव असे, मुलींपुढे बरेचदा ‘गावी गेली’ एवढेच.

“गावी कुणी जात नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या. “इथेच असतात. धाकट्याला सांभाळतात, पाणी भरतात. मला रस्त्यात भेटतात आणि तोंड चुकवतात.”

त्या वर्षी सातवीत असलेल्या एका मुलीची आई लातूरकडची होती. ती महामार्गापलीकडच्या ट्रक टर्मिनलवर चालकांना जेवणाचे डबे पोचवी. नवरा ट्रेलरवर. त्याने घरात निकाल दिला होता की पोरगी हायवे ओलांडून शाळेत जाणार नाही. मुलीच्या आईला त्यावर एकच उत्तर दिसत होते. आठवी याच शाळेत निघायला हवी होती, आणि तीही येत्या जूनला. एक वर्ष घरी बसलेली मुलगी परत शाळेत जात नाही, हे तिने चाळीत पाहिले होते.

शिक्षण हक्काचा कायदा लागू होऊन दोनेक वर्षे झाली होती. त्या कायद्याने आठवी प्राथमिक शिक्षणात आणली. त्याच कायद्याने शाळेचा कारभार व्यवस्थापन समितीकडे दिला आणि समितीत बहुसंख्य पालक, निम्म्या बायका आणि अध्यक्ष पालकांमधलाच, अशी अट घातली. पहिली समिती कशीबशी कागदावर झाली होती. दुसरी निवडायची तेव्हा मी हजर होतो.

गावाची रीत अशी की कुठलीही निवड आदल्या संध्याकाळी देवळात, गावकीच्या बैठकीत होते. दुसऱ्या दिवशी ती फक्त वाचली जाते. गावकीने नेहमीप्रमाणे नावे ठरवली, नारळ फोडला. अध्यक्ष म्हणून दादांचे नाव होते. सत्तरीचे गृहस्थ, पांढरा सदरा, हातात कायम छत्री. शाळेची जागा त्यांच्या आज्याने दिलेली, आणि बरीच वर्षे शाळेच्या सगळ्या समित्यांवर तेच. लातूरकडची बाई राहत होती ती खोलीही त्यांच्याच चाळीतली.

पालक सभेत मोठ्या बाईंनी यादी हातात घेतली, शेजारी हजेरीपट उघडला आणि पहिल्याच नावाला थांबल्या.

“आपला मुलगा कितवीत?”

“नातू हाय. तिसरीत.”

“आपल्या तिसरीत नाव दिसत नाही.”

“इथं नाय. पलीकडं, विंग्रजीत.”

“मग तुम्हाला नाही घेता येणार.”

दुसरे नाव झाले, तिसरे झाले. प्रत्येक जण उभा राहायचा, मूल कुठे शिकते ते सांगायचा आणि बसायचा. पाचव्या नावाला मागे बायकांत हसू फुटले. गावकीने रात्री दोन तास बसून केलेल्या यादीत शाळेत मूल असलेला एकही माणूस नव्हता. ती चूक कुणाच्या लक्षात आली नव्हती, कारण शाळा आपली आहे याबद्दल गावात कुणाला शंकाच नव्हती.

दादा उठले. “बाई, जागा आमची. भिंती आमच्या बापांनी बांधल्या. आमी समितीत नाय तं कोन?”

“नियम मी केला नाही, दादा. हजेरीपटावर ज्यांची मुलं आहेत ते पालक.”

“म्हंजे भाडोत्री शाला चालवनार?”

यावर डबेवाली बाई मागून म्हणाली, “शाळा घेऊन आम्ही कुठं जाणार, दादा? राहायला खोलीबी तुमचीच हाय.”

यावेळी गावकरीही हसले. दादा हसले नाहीत, पण खाली बसले.

नवी नावे घेतली गेली. अध्यक्ष कोण होणार म्हणून मोठ्या बाईंनी विचारले, तेव्हा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. पहारेकऱ्याला सुट्टी मिळत नव्हती, माथाड्याला लिहिता येत नव्हते. तेव्हा डबेवाल्या बाईने विचारले, “आठवीचा अर्ज कुणाच्या सहीनं जातो?”

“अध्यक्षांच्या.”

“मग लिवा माझं नाव.”

दुसऱ्या दिवशी नाक्यावर पोरांनी दादांना छेडले. “दादा, आता तुमची भाडेकरीन तुमालाच नोटीस पाठवंल.” दादा म्हणाले, “पाठवू दे. वाचून दाखवाला तूच ये, तुला तरी कुटं काम हाय.” महिनाभरात बाईला खोली खाली करायला सांगितली जाईल, असा माझा अंदाज होता. मी दोनदा चौकशी केली. तसे काही झाले नाही.

आठवीचा ठराव पहिल्याच बैठकीत झाला. तालुक्याहून उत्तर लवकर आले आणि ते नियमाला धरून होते. तीन किलोमीटरच्या आत आठवीची दुसरी शाळा असेल तर नवा वर्ग देता येत नाही. केंद्रप्रमुखांनी अंतर मोजून अहवाल द्यावा. त्या अहवालावर जूनचा निर्णय अवलंबून होता.

केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे शिक्षक. ते एका सकाळी मोटारसायकलवर आले. मीही गेलो होतो. फाटकापाशी मोठ्या बाई आणि अध्यक्ष बाई उभ्या होत्या. अध्यक्ष बाईने डब्यांच्या दोन पिशव्या शाळेच्या पायरीवर ठेवल्या होत्या. केंद्रप्रमुखांनी मोटारसायकलचा मीटर पाहिला. तो कित्येक वर्षांपासून एकाच आकड्यावर अडकलेला होता.

“तुमच्या स्कूटरचा चालतो?” त्यांनी मला विचारले.

चालत होता. बातमीदाराने बातमीत हात घालायचा नसतो, हे मला पहिल्या नोकरीत शिकवले होते. पण चालणारा मीटर तिथे तेवढाच होता. मी किल्ली दिली नाही. स्कूटर मीच चालवणार, असे सांगितले.

निघणार एवढ्यात दादा छत्री टेकत आले. त्यांना कुणी बोलावले नव्हते. अध्यक्ष बाईचा चेहरा उतरला, आणि त्याचे कारण आम्हा सगळ्यांना माहीत होते. गावाच्या मागून एक पायवाट थेट महामार्गावर जाते. तिथे दुभाजक तुटलेला आहे. त्या फटीतून पलीकडे गेले की शाळा दोन किलोमीटरही नाही. बस चुकली की दादा नातवाला त्याच वाटेने आणत. दादा एक वाक्य बोलले असते तर आठवी तिथेच संपली असती.

केंद्रप्रमुखांनी विचारले, “दादा, तुम्ही इथले जुने. जवळचा रस्ता कुठला?”

“या, दावतो,” दादा म्हणाले आणि पायवाटेला लागले.

आम्ही मागोमाग गेलो. महामार्गाच्या कडेला दादा थांबले आणि छत्रीने फट दाखवली.

“ही वाट. गाव हितूनच जातं. मी पन जातो.”

केंद्रप्रमुखांनी वही काढली. दादा म्हणाले, “थांबा. लिवाच्या आदी तुमी जा.”

“मी?”

“तुमी. पलीकडं जाऊन या. आमी हितं उबे हाव.”

बंदराच्या बाजूने, जासईकडून येणारे कंटेनर एकामागोमाग एक जात होते. केंद्रप्रमुखांनी पाय पुढे टाकला, मागे घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा घेतला. एका ट्रेलरने भोंगा वाजवला तेव्हा त्यांच्या हातातली वही खाली पडली. मी घड्याळ पाहत होतो. तेरा मिनिटे झाली.

“जा ना सायेब,” दादा म्हणाले. “तुमी तं मोटे मानूस. पाटीवर दप्तर पन नाय.”

केंद्रप्रमुखांनी वहीची माती झटकली. “बायका जातात इथून?”

“ही जाते रोज, डबे घेऊन,” दादांनी अध्यक्ष बाईकडे मान केली. “धावत. दोन डाव मी बगितलीय. पोरी नाय जात. म्हनून त्या घरात हायेत.”

अध्यक्ष बाईने पदराने तोंड पुसले आणि ती रस्त्याकडे बघत राहिली.

केंद्रप्रमुख म्हणाले, “मूल सुरक्षित जाईल तोच रस्ता धरायचा. चला, पुलाखालून मोजू.”

शाळेच्या फाटकापासून पुलाखालच्या बोगद्यातून, वळसा घेऊन, पलीकडच्या शाळेच्या फाटकापर्यंत आम्ही गेलो. निघताना आणि पोचल्यावर दोन्ही आकडे त्यांनी स्वतः वाकून वाचले. फरक तीन किलोमीटर आणि वर चार दशांश आला. त्यांनी मला परत फिरायला लावून पुन्हा मोजले. तोच आला. अहवालात त्यांनी ‘मुलांना चालण्यायोग्य मार्गाने’ असे शब्द लिहिले आणि फटीचीही वेगळी नोंद केली. काहीच लपवले नव्हते, म्हणून तो अहवाल पुढे कुठे अडला नाही.

चहाच्या टपरीवर मी दादांना विचारले की त्यांनी मदत का केली.

“मदत कसली?” दादा म्हणाले. “आमची सगली जमीन गेली. गावची म्हनावी अशी ही शालेची जागा रायलीय. पट उतरला तं शाला उठंल, शाला उठली तं जागा पन जाईल. आमच्या नातवांनी तं शाला सोडलीच. आता ती या लातूरवाल्यांच्या पोरांवर उबी हाय.” बशीतला चहा संपवून ते पुढे म्हणाले, “हे पेपरात नको टाकू. नाक्यावरची पोरं लय बोलतील.”

मी टाकले नाही.

मंजुरी मे महिन्याच्या अखेरीला आली, पण शाळेत रिकामी खोली नव्हती. अध्यक्ष बाई गावकीच्या बैठकीला गेली. तिथे बायका बसत नसत, म्हणून ती देवळाच्या पायरीवर उभी राहून बोलली. तिला सभामंडप हवा होता.

“आदी शाला घेतलीस,” दादा म्हणाले. “आता देवाचा मंडप पन?”

“दुपारपुरताच पायजे, दादा. आरतीच्या आधी लेकरं उठतील.”

“उटायचं कशाला? आरती म्हनतील, अन् मग जातील.”

इतर कुणी हरकत घेतली नाही. दादांचे बोलणे गावकीत शेवटचे धरले जाते.

जूनमध्ये सभामंडपात आठवी सुरू झाली. फळा खांबाला टेकवलेला होता. बातमी आतल्या पानावर सहा ओळींत छापून आली. महिनाभराने मी शाळेत गेलो तेव्हा मोठ्या बाईंनी न विचारता नोंदवही पुढे केली. सातवी झालेल्या सातही मुलींपुढे याच शाळेचे नाव होते. मी पान उलटून मागची वर्षे पाहिली आणि वही परत दिली.

मंडपात डबेवाल्या बाईची मुलगी दुसऱ्या रांगेत बसली होती. दादा कोपऱ्यातल्या बाकावर छत्री मांडीवर घेऊन गणिताचा तास ऐकत होते. समितीत शिक्षणतज्ज्ञ म्हणून एक जागा असते, ती अध्यक्ष बाईने त्यांना दिली होती. दादा चौथी शिकलेले. पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तावर तिच्या सहीखाली त्यांची सही आहे. ती मोठ्या, सुट्या अक्षरांत, ओळीच्या बाहेर गेलेली आहे.