चटणीची बाटली

सोलापुरात सांधेदुखीच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती, तेव्हा दर महिन्याला पेशंटच्या उरलेल्या गोळ्या मोजून जुनी बाटली परत घ्यायचं आणि नवी द्यायचं काम माझ्याकडे होतं. निम्म्यांना औषध मिळे, निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. कुणाला काय, ते मलाही ठाऊक नसे.

मंद्रूपच्या एका आजींनी बाटली परत दिली ती शेंगाचटणीने भरून. उरलेल्या गोळ्या त्यांनी पदराच्या गाठीत आणल्या होत्या. मी चिडले. त्या म्हणाल्या, "रिकामं भांडं कुनी माघारी देतं व्हय, बाई?"

मी दर महिन्याला रागवायचे आणि दुपारी डब्याबरोबर तीच चटणी खायचे.

वर्षाने चाचणी संपली आणि कुणाला काय दिलं होतं त्याची यादी उघडली. आजींच्या गोळीत औषध नव्हतं. बारा महिने रिकामं भांडं मीच त्यांच्या हातात देत आले होते.