घाण्यातून तेल तरी निघते

माझ्या निबंधाच्या पहिल्या पानावर सरांनी लाल पेनाने एक मोठे वर्तुळ काढले होते. आत काही लिहिले नव्हते, बाहेरही नाही. सत्तरचे दशक संपत आले होते. मी पवनारहून रोज एस.टी.ने वर्ध्याच्या कॉलेजात येत होते, आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. नागपूरला आंतरमहाविद्यालयीन निबंधवाचन होते. आमच्या कॉलेजातून एकच निबंध जाणार होता. तो माझा जावा, याखेरीज त्या वर्षी मला काही नको होते.

विषय होता शालेय शिक्षणातले श्रमाचे स्थान. मी सूतकताईवर लिहिले होते, कारण आमच्या प्राथमिक शाळेत टकळीवर सूत कातायचा तास असायचा. पहिलेच वाक्य होते: ‘सूतकताई शिक्षणात आवश्यक आहे, कारण तिच्याशिवाय शिक्षण अपूर्ण राहते.’ मग चार पाने मजकूर, आणि शेवटी: ‘म्हणून अपूर्ण शिक्षण पूर्ण करायचे, तर सूतकताई आवश्यकच आहे.’ गावच्या गुरुजींनी आम्हाला हेच शिकवले होते. निबंधाचे शेवटचे वाक्य पहिल्याला जाऊन भेटले पाहिजे, हाराची गाठ बसावी तसे. गाठ बसली की गुरुजी शेरा देत, ‘उत्तम’.

मी पान घेऊन सरांकडे गेले. सर तरुण होते, नुकतेच विभागात आले होते.

“अपूर्ण शिक्षण म्हणजे कोणतं?” त्यांनी विचारले.

“ज्यात आवश्यक गोष्ट नाही ते.”

“आणि आवश्यक गोष्ट कोणती?”

“सूतकताई.”

“म्हणजे हा तेलाच्या घाण्याचा बैल झाला. दिवसभर चालला आणि संध्याकाळी जागच्या जागी.”

मला इतका राग आला की कॉलेजात जपून बोलायची माझी भाषा सुटली. “सर, घाण्यातून तेल त निंघते!”

शेजारच्या टेबलावरचे प्राध्यापक हसले. सरही हसले. “तेच म्हणतोय मी. तुझ्या चार पानांतून थेंबभर निघालं नाही. तू जे सिद्ध करायचं तेच कारण म्हणून दिलंस.”

परतीच्या एस.टी.त मी धुमसत होते. आमच्या भागात सुताला ‘का’ असे कोणी विचारत नसे. आश्रम शेजारी, चरखा पुढाऱ्यांच्या भाषणात, टकळी दप्तरात. आणि हे सर मला कारण विचारत होते! घरी पोचले तर आई चुलीपाशी.

“काऊन वं, तोंड काऊन पाडलं?”

“आई, शाळेत आमाले सूत काऊन काताले लावत?”

“गुरुजी सांगे म्हणून.”

“अन् गुरुजी काऊन सांगे?”

“तुमी काताव म्हणून! भाकर खा आता, डोकं नोको खाऊ.”

मला हसू आले, आणि हसता हसता चरकलेही. माझी चार पाने आईने दोन वाक्यांत म्हणून दाखवली होती.

मग मी कारण शोधायला बसले. टकळीच्या तासाला खरेच काय होत होते? एरवी वर्गात आम्ही कास्तकारांची, शेतीवाल्यांची मुले पुढे बसत असू आणि गावाच्या पलीकडच्या टोकाची मुले दाराशी. कोणी सांगितले नव्हते, पण तसेच होते. टकळीच्या तासाला कापसाच्या पेळूंची टोपली फिरायची, धागा तुटायचा, आणि तो जोडण्यात दाराशी बसणाऱ्या एका मुलीचा हात सगळ्यांत सफाईदार होता. मग आम्हीच सरकत सरकत तिच्याजवळ जात होतो. “माहा जोडून दे ना वं,” म्हणत टकळ्या पुढे करत होतो. तास संपला की पुन्हा ती दाराशी, आम्ही पुढे.

नवे वाक्य असे झाले: ‘आमच्या शाळेत सूतकताईच्या तासाला मुले एकत्र बसली, कारण त्या वेळी जागा घरावरून नव्हे, हाताच्या सफाईवरून ठरत होती.’ तास संपल्यावर काय होई, तेही लिहावे लागले. ते लिहिताना शेवटचे वाक्य पहिल्याला भेटेना. मी तसेच सोडले.

सरांनी वाचले. “आता याच्याशी कोणाला भांडता तरी येईल,” ते म्हणाले, आणि स्वतः निबंध विभागप्रमुखांकडे घेऊन गेले. मला सोबत बोलावले.

विभागप्रमुखांनी दोन पाने वाचली. “चांगला आहे. पण नागपूरला शहरातल्याच मुलाला पाठवू. खेड्यातली मुलं तिथं टिकत नाहीत.”

“कशावरून, सर?” मी विचारले.

“आजवर कोणी टिकलंय का?”

“कोणी गेलतं का?”

“टिकत नाहीत त्यांना पाठवायचं कसं?”

मी सरांकडे पाहिले. ते खिडकीबाहेर बघत होते. माझ्या पानावर एवढे मोठे वर्तुळ काढणारा माणूस, आणि इथे पेन खिशात! आज लिहितानाही माझे कान तापतात. माझी चूक एका निबंधापुरती होती. ही चूक खुर्चीवर बसून किती पोरांना दाराशीच ठेवत आली असेल!

“सर,” मी त्यांनाच म्हटले, “हा घाणा नाई का?”

मग सर वळले आणि विभागप्रमुखांना म्हणाले, “तिचं बरोबर आहे. हे कारण नाही, सर. हिला पाठवायला हवं.”

मी नागपूरला गेले. बक्षीस मिळाले नाही. वाचताना माझे उच्चार ऐकून पुढच्या रांगेतली दोन मुले हसली. परत आले तेव्हा विभागप्रमुख म्हणाले, “बघा, मी सांगितलं होतं.”

या वेळी सर खिडकीकडे गेले नाहीत. “आता तुमच्याकडे कारण आहे, सर,” ते म्हणाले, “पण एकाच मुलीचं. एवढ्यावर सगळ्या खेड्यांबद्दल बोलता येणार नाही. पुढच्या वर्षी अजून एक पाठवू.”

पुढच्या वर्षी सेलूकडच्या एका मुलाला पाठवले. निघताना तो घाबरून मला विचारत होता, “ताई, टिकीन का मी?” मी म्हटले, “मले काय मालूम? जाऊन ये, मंग सांगजो.”