देठ नसलेलं फूल

आमच्या बॅचचे आम्ही सहा जण. सुरतच्या एका कॉलेजातून डिझाईनची मास्टर्स केली. दोन वर्षांत शिकलो किती ते सोडा, पण किस्से इतके साचले की कुणाच्या लग्नात भेटलो तर पानावरून उठेपर्यंत संपत नाहीत! शिवाय प्रत्येकाचा किस्सा दरवेळी थोडा फुगतो. मी सांगतेय ते फुगवलेलं नाही, उलट थोडं कमीच केलंय. सहापैकी पाच जणांच्या घरी डिग्री फ्रेम करून लावलीय. हे किस्से बहुतेक सहावीचे आहेत. तिचं नाव योगिता.

*

पहिल्या दिवशी सरांनी एकेकाला उभं करून विचारलं, "डिझाईनच का?"

एकाला समाज बदलायचा होता. एकीला 'स्वतःचा आवाज' शोधायचा होता. मी बँकवाल्याची मुलगी, घाबरून "लहानपणापासून चित्रकलेची आवड" म्हणून मोकळी झाले.

योगिता सुरतमधल्याच डिंडोलीची. माणसं मूळची खानदेशातली, घरात अहिराणी. वडील लूमवर, आई घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची. ती म्हणाली, "सर, आमच्या घरात कापड विणणारा आहे, खडे लावणारी आहे. पण त्या साडीवर फूल कुठलं यायचं हे कोण ठरवतं, ते कुणालाच माहीत नाही. ते बघायला आलेय."

सर खूश! "वंडरफुल! हे थिसिसमध्ये घाल."

"थिसिसमध्ये कशाला सर? घरची माहिती आहे ती."

*

दुसऱ्या सेमिस्टरला 'कारागिरांचं जीवन समजून घ्या' म्हणून व्हिजिट निघाली. बस डिंडोलीत शिरली तशी योगिता खिडकीपासून आत सरकली. बस थांबली ती नेमकी तिच्या गल्लीच्या तोंडाशी. आणि सर शिरले ते नेमके तिच्याच घरात, कारण दार उघडं होतं आणि उजेडाला बसून एक बाई साडीला खडे लावत होती.

त्या घरी मी चार वेळा कळण्याची भाकरी खाल्लेली. मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि ओळखच दाखवली नाही! लेकीची फजिती नको म्हणून. उलट "या मॅडम, बसा," म्हणत योगिताला चटई सरकवली. बाकीचे फोटो काढत सुटले. मावशींना खोकल्याची उबळ आली तर आमच्यातला एक म्हणाला, "तसंच राहा, छान फ्रेम आहे!" त्याला तेव्हाच हाणायला हवा होता.

सरांना मराठी येत नव्हतं, म्हणून योगिताच दुभाषी.

"विचार, मुलं किती?"

"एक पोर शे. शिकी ऱ्हायनी."

"काय शिकते?"

मावशी लेकीकडे बघत म्हणाल्या, "काय शिकी ऱ्हायनी, ते आते तुमीच सांगा, मॅडम."

योगितानं सरांना सांगितलं, "त्यांना नक्की माहीत नाही."

*

योगिताच्या थिसिसचा विषय ठरला कपाशीचं फूल. मावशींनी तिला लहानपणी सांगितलेलं, की हे फूल पहिल्या दिवशी पिवळट असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. तेच तिनं साडीभर काढलं, एका फांदीवर दोन्ही दिवस. सहा महिने काढत होती. आम्ही बघितलं, सरांनी बघितलं, सगळे म्हणाले, "परफेक्ट!"

मग एका मिलमध्ये सॅम्पल छापून घेतलं. हिरव्या रंगात, अख्खी एक साडी. सॅम्पलच्या टोकाशी, काठावर मिलचं नाव आणि तारीख आपोआप छापून येते, तशी आली. ओळखीनं काम झालं म्हणून आम्ही मिलच्या मास्टरला पेढेसुद्धा दिले!

साडी घरी नेली. मावशींनी हात पुसले, साडी मांडीवर पसरली आणि एका फुलावर बोट ठेवलं.

"हाई फूल कसावर शे?"

"म्हणजे?"

"येले देठच नही!"

खरंच नव्हता. डिझाईन पुन्हा पुन्हा जोडताना एक देठ खाली गळला होता, आणि दर हातभर अंतरावर एक फूल हवेत लटकत होतं. दोन प्रोफेसर, सहा विद्यार्थी, सहा महिने! कुणाला दिसलं नाही. जिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या फुलांवर खडे चिकटवले तिला एका नजरेत दिसलं.

योगितानं फाईलमध्ये देठ जोडला. चुकलेली साडी मावशींनी ठेवून घेतली. म्हणाल्या, "चुकीनी ती मना वाटाले ऱ्हाऊ दे."

*

मधला एक किस्सा योगिताचा नाही, पण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हार्दिक नावाच्या आमच्या मित्रानं बारडोलीच्या साखर कारखान्यातून उसाची चिपाडं आणली आणि त्यांची लॅम्पशेड केली. पर्यावरणपूरक! गड्यानं चिपाडं नीट धुतलीच नव्हती. ज्युरीत दिवा लावला, शेड तापली, आणि आतून मुंग्यांची रांग निघाली ती थेट परीक्षकांच्या बाहीवर.

आम्हाला वाटलं, मेला! पण हार्दिकचं डोकं चालतं. म्हणाला, "सर, प्रॉडक्ट जिवंत आहे."

त्याला 'ए' मिळाला. आम्ही त्या दिवशी इतके हसलो की पोट दुखलं. मला वाटलं होतं, असल्या परीक्षकांना योगिताचं काम तर डोक्यावर घ्यावंसं वाटेल.

*

ती साडी मावशींच्या घराबाहेर मला पहिल्यांदा दिसली बसमध्ये. एका बाईच्या अंगावर. मला वाटलं, मावशीच! जवळ गेले तर दुसरीच कुणी. पण फूल तेच, कपाशीचं, आणि हातभर अंतरावर तेच लटकलेलं, बिनदेठाचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कापड मार्केटला गेलो. चौथ्याच दुकानात थप्पी सापडली. पाच रंगांत! मिलमध्ये दिलेली पहिली फाईल तिथूनच कुणीतरी विकली होती, चुकीसकट. योगिता दुकानदाराला म्हणाली, "ही माझी डिझाईन आहे."

दुकानदार भला माणूस. त्यानं चहा मागवला. "तमारी डिझाईन छे, बेन? तो तमने दस टका ओछा करी आपीश!" म्हणजे दहा टक्के सूट!

*

फायनल ज्युरीला परीक्षकांनी योगिताचा बोर्ड बघितला आणि म्हणाले, "ही तर आमच्या कामवालीकडे आहे."

योगिता तयारीनं आली होती. मार्केटमधली साडी तिनं टेबलावर पसरली. "सर, यात एका फुलाला देठ नाही. ती माझ्या पहिल्या फाईलमधली चूक आहे. नंतर मी दुरुस्त केली. त्यांनी चुकीची फाईल उचलली."

परीक्षकांनी दोन्ही फुलं नीट पाहिली. "म्हणजे तू मार्केटची चूक दुरुस्त केलीस!"

फाईलची तारीख दाखवली, तर कम्प्युटरची तारीख बदलता येते. मिलमध्ये फोन लावला, तर असलं काही आम्ही छापलंच नाही. शेवटी सरांनी रदबदली केली आणि ठरलं: मिलनं छापलेलं मूळ सॅम्पल, तारखेच्या काठासकट, पुढच्या सोमवारी आणायचं. नाही आणलं तर चोरी, आणि डिग्री नाही.

बाहेर आल्यावर योगिता हसली. "सोपं आहे. आई नेसते ती साडी."

*

त्याच आठवड्यात मावशींना हॉस्पिटलात ठेवलं. खोकला छातीत उतरला होता. साडी तिथेच, उशाशी ठेवलेल्या पिशवीत. वॉर्डातल्या एका बाईच्या अंगावर तीच साडी होती, निळ्या रंगात. मावशी ऑक्सिजनची नळी बाजूला करून सगळ्यांना सांगायच्या, "हाई साडी मनी पोरनी काढेल शे!" बायका माना डोलवायच्या, तापात बोलतेय म्हणून.

मी म्हटलं, "मावशी, चोरलीय ती."

"व्हई. पण देख ना बेटा, कितल्या बाया नेसी ऱ्हायन्यात!"

आणि लेकीला म्हणाल्या, "सोमवारे तू मनी साडी ली जाय. मंग माले परत आनी देजो. शेवटले माले तीच नेसाडजो."

योगिता म्हणाली, "काहीतरीच बोलतेस!"

*

रविवारी सकाळी मावशी गेल्या.

कामरेजहून त्यांचे भाऊ आले. सवाष्ण गेली, तर माहेरची साडी आणायची, म्हणून वाटेत दुकान उघडं दिसलं तिथून हिरवी साडी घेऊन आले. घडी उलगडली. कपाशीचं फूल!

मी योगिताला मोरीपाशी ओढलं. मला लाज वाटते सांगायला, पण मी हे बोलले: "मामांचीच नेसव. नवी आहे, रंगही तोच, फुलंही तीच. आपली जुनी उद्या ज्युरीला..."

योगिता म्हणाली, "ती कॉपी आहे."

पिशवीतली साडी तिनं स्वतः नेसवली. तारखेचा काठ निऱ्यांत आत खोचला, दिसू नये म्हणून. मामांची साडी वर पांघरली. निघताना मला म्हणाली, "कॉलेजात कुणाला सांगायचं नाही, नेहा. नाहीतर आईचीसुद्धा केस स्टडी करतील."

*

सोमवारी ती वेळेवर आली. वेणी घातलेली, आयडी कार्ड गळ्यात. खोलीत परीक्षक, सर आणि आम्ही सगळे. माझी ज्युरी त्याच दिवशी, तिच्या पाठोपाठ होती. मी तोंड उघडलं नाही. वचन दिलं होतं म्हणून, असं मी स्वतःला सांगते.

परीक्षकांनी विचारलं, "सॅम्पल कुठाय?"

"आईनं नेसलीय, सर."

परीक्षक हसले. त्या दिवशी मूड चांगला होता त्यांचा. घड्याळ बघून म्हणाले, "मग तिला फोन कर. दुसरी नेस म्हणावं आणि ती पाठवून दे. आम्ही चार वाजेपर्यंत थांबतो."

योगिता "थँक यू, सर" म्हणाली, आणि बाहेरच्या बाकावर जाऊन चार वाजेपर्यंत बसून राहिली.