अप्पांना वाजलेली थंडी

कुंभकोणमच्या थंडीबद्दल सांगितलं की महाराष्ट्रातून आलेली माणसं हसतात. हसू देत बापडी. आमच्याकडे थंडी आभाळातून येत नाही, भिंतींतून येते. कार्तिकभर पाऊस झोडपतो, भिंतींना ओल चढते आणि मार्गळी, म्हणजे मार्गशीर्ष-पौषाच्या सुमाराचा महिना, लागला की पहाटेच्या दहिवरात तीच ओल हाडांत शिरते. मोठ्या माणसाला तिचं काही वाटत नाही. तान्ह्या बाळाला वाटतं.

माझा पहिला मुलगा ह्याच माहेरच्या घरात अकराव्या दिवशी गेला, खोकून खोकून. त्याच्यासाठी आम्ही सगळं आधीपासून मांडून ठेवलं होतं. पाळणा, टोपडी, दुपटी, काही म्हणता काही कमी नव्हतं. तीन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले आणि मी बाळंतपणाला माहेरी आले, ती उंबऱ्यावरच बजावून. मूल हातात येईपर्यंत त्याच्यासाठी एक चिंधीसुद्धा घरात यायची नाही, त्याचा विषयही कुणी काढायचा नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी ताकाचं नावच टाकलं होतं.

आईनं, आमच्या अम्मानं, मान डोलावली. दुसऱ्या दिवशी अप्पा म्हणाले, “मज हिंव वाजतें.”

हिंव म्हणजे थंडी. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या घरच्या मराठीत हा जुना शब्द अजून टिकून आहे. पण अप्पांना थंडी? शाळामास्तरकीतून नुकतेच मोकळे झालेले माझे वडील बारा महिने पहाटे कावेरीत बुडी मारायचे. शेजारीपाजारी हसले. अम्मा म्हणाली, “म्हातारपण आलें.” अप्पा ढिम्म हलले नाहीत. एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेवाच्या बापाचं ऐकायचे नाहीत.

त्यांनी कौलं चाळून घेतली. सुरूची लाकडं पावसाआधी आणून माजघरात रचली. भाताची खळ करून दारांच्या फटींवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवली. सुंठ आली, ओवा आला, कोळशाची शेगडी आली. “कुणाला हें सगळें?” मी विचारलं, की गुडघे चोळत म्हणायचे, “मज, दुसऱ्या कोणास?” मला काही कळत नव्हतं असं नाही. मागल्या खेपेची ओल त्यांनी मनाला लावून घेतली होती. घर आपलं, म्हणून दोषही आपला, हा त्यांचा हिशेब. पण ते बाळाचं नाव घेत नव्हते, तेव्हा मला भांडता येत नव्हतं. मी मनातल्या मनात चरफडत होते, आणि खरं सांगते, रात्री त्या कोरड्या खोलीत मला बरंही वाटत होतं.

मग त्यांची नजर मुत्तमवर गेली. मुत्तम म्हणजे घराच्या मधोमध असतो तो उघडा चौक. त्यातून उजेड येतो, वारा येतो आणि पावसाचे शिंतोडेही येतात. एका दुपारी अप्पांनी गड्यांकडून नारळाचे झाप आणवले आणि अख्खा मुत्तम वरून गच्च झाकून टाकला. स्वतः खाली उभे राहून एकेक फट बुजवून घेतली. घरात अंधार झाला. संध्याकाळी अम्मानं अंघोळीच्या पाण्याची चूल पेटवली आणि अर्ध्या घटकेत घर धुरानं भरलं. चुलीत अंगणातली ओली लाकडं आणि धुराला वर जायला वाट नाही. अम्मा पदर तोंडाला लावून ओरडली, “आजारापेक्षा औषध भयंकर!” अप्पा खोकत शिडी शोधत होते. मी पोट सावरत भिंतीला धरून उभी होते, डोळ्यांतून पाणी, छातीत आग, आणि माझा जिभेवरचा ताबा सुटला.

“अप्पा, ह्या धुरांत माझें बाळ श्वास कसें घेईल?”

सगळे थांबले. अप्पाही शिडीला हात लावून थांबले. शब्द माझ्याच तोंडून गेला होता आणि आता गिळता येत नव्हता.

अप्पांनी वर चढून मधले झाप ओढून काढले. धूर निघून गेला, वर थोडं आभाळ दिसलं. तिथूनच, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, “किती उघडें ठेवूं? तूं सांग.”

मी डोळे पुसून वर पाहिलं. मग म्हणाले, “पाऊस ईशान्येकडून येतो. ती बाजू झाका, बाकीची राहूं द्या.” आणि धीर करून पुढे म्हणाले, “पाळणा माझ्या खोलींत, दक्षिणेच्या भिंतीशीं बांधायचा आहे.”

मार्गळीतच मुलगी झाली. सोयर होतं, म्हणून अप्पा तिला शिवायचे नाहीत. दाराबाहेरून सुईणीला विचारायचे, खोकते का. अकरावा दिवस उगवला तेव्हा मी तिला छातीशी धरून बसले, दिवस मावळेपर्यंत खाली ठेवली नाही. अप्पा दाराबाहेर बसून होते.

बाराव्या दिवशी पहाटे दार उघडलं तर ते तिथेच होते. मी मुलगी त्यांच्या हातांत दिली. त्यांनी दुपट्यातून तिचं पाऊल बाहेर काढलं आणि तळहातात धरलं.

“ऊन आहे गे,” ते म्हणाले. “पाय ऊन आहेत हिचे.”

पहिल्या नातवाच्या वेळी त्यांच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. त्याचं सगळं रडणं त्यांनी त्या पहाटे रडून घेतलं, आणि मी त्यांना गप्प केलं नाही.