पोटावरची गिटार

माझ्या इलेक्ट्रिक गिटारचा तारा टेकवणाऱ्या ब्रिजजवळचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा चुंबकी तुकडा, बंद पडला. जाहिरात बघून वापरलेला एक पिकअप घ्यायला मी आखातातल्या आमच्या शहरात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका फ्लॅटवर गेलो. दार उघडलं ते आठवा महिना लागलेल्या एका मुलीनं.

"मराठी ना? या, चहा टाकलाय. बाळ येतंय म्हणून नवऱ्यानं हळुवार आवाजाचा नवा पिकअप आणलाय. जुना फार किंचाळतो म्हणे."

जुना अजून तिच्या गिटारमध्येच होता. "आधी ऐका, मग काढते," म्हणत तिनं अ‍ॅम्प्लिफायर चालू केला आणि ती सोफ्यावर टेकली. गिटार मांडीवर मावेना, तेव्हा तिनं ती सरळ पोटावर टेकवली आणि सगळ्या तारांवर एकदम दणदणीत कॉर्ड मारली. खिडकीची काच थरथरली.

ती एकदम थांबली. "अय्या, लाथ मारली!" पुन्हा वाजवलं, पुन्हा लाथ. तिसऱ्यांदा तर गिटार हललेली मलाही दिसली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सॉरी हं काका, हा आता विकत नाही. घरात मतदान दोन विरुद्ध एक झालंय."

मी उठणार, तोच तिनं नवा पिकअप डब्यासकट माझ्या हातात दिला. "हा न्या, त्याच भावात. नवऱ्याला समजावते मी, इन्शाल्ला."

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. घरी येऊन मी तो सोल्डर करून बसवला आणि वाजवायला लागलो. एरवी माझ्या खोलीचं दार ओढून घेणारी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, दार उघडंच राहू द्या."