गौरव्वा आणि मोरपंखी सोफा

आमच्या व्याह्यांनी उभ्या जन्मात कुणाला ‘नाही’ म्हटलेलं नाही. जगातली निम्मी भांडणं ‘नाही’ म्हटल्यानं होत असतील तर उरलेली निम्मी न म्हटल्यानं होतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं, आणि हे ज्ञान मिळवताना माझ्या नाकी नऊ आले. हुबळीच्या दाजीबानपेठेत त्यांचं कापडाचं दुकान. गादीवर बसणाऱ्यानं तोंडातून ‘नाही’ काढायचं नाही, हे वडिलांनी लहानपणी शिकवलं ते यांच्या हाडीमाशी भिनलं. गिऱ्हाइकानं नसलेला रंग मागितला की ‘येतोय’, भाव पाडून मागितला की ‘बघूया की’. माझ्या मुलीचं स्थळ घेऊन मी गेलो तेव्हाही ‘बघूया की’ म्हणाले. मी तो नकार समजून धारवाडला परतलो आणि बायकोला दुसरी स्थळं शोधायला सांगितली. चार दिवसांनी यांचा फोन, “मास्तर, साखरपुड्याला हॉल कुठला धरलाय?”

मी भूगोलाचा निवृत्त मास्तर. भेटलो की हे आधी माझ्या शर्टाची बाही दोन बोटांत धरतात, मग तब्येतीची चौकशी. “टेरिकॉट,” असं म्हणतात तेव्हा आवाजात अशी काळजी असते की मलाच अंगात कणकण वाटायला लागते. वर्तमानपत्र वाचून झालं की काठ वर ठेवून साडीसारखी घडी घालतात. जेवताना पोळीसुद्धा उजेडाकडे धरून बघतात. दुकानात मी गेलो की कधीच गादीवर बसू द्यायचे नाहीत. गिऱ्हाइकांसाठी भिंतीला बाक होता, त्यावर बसवायचे. “तुम्ही पाहुणे,” म्हणायचे. गादीवर फक्त घरची माणसं. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मी आपला बाकावर, हातात चहाचा कप घेऊन.

विहीणबाई गेल्या आणि दुकानावरच्या खोलीत हे एकटे राहिले. एकदा जिन्यावरून घसरले. पाय मोडला नाही, पण माझी मुलगी घाबरली आणि नवऱ्याला घेऊन जाऊन त्यांना हुबळीतच उणकलला असलेल्या आपल्या नव्या फ्लॅटमध्ये घेऊनच आली. दुकान पुतण्याकडे गेलं. त्यानं काचेची काउंटरं आणि फिरत्या खुर्च्या आणल्या, तेव्हा गादीला तिथं जागा उरली नाही. मग टेंपोत व्याही, त्यांची गादी, तिच्याखालचं गोणपाट आणि गौरव्वा अशी मिरवणूक उणकलला आली. गौरव्वा म्हणजे दुकानातली मांजर. ती जन्मली कापडाच्या गाठींमध्ये आणि नखं घासायला शिकली त्या गाठींच्या गोणपाटावर. अंगानं चांगली थोराड, चेहऱ्यावर कायम ‘हे नको, वरचं काढा’ असा भाव.

मुलीनं हौसेनं सासऱ्यांना मागची खोली दिली. शांत, उजेडाची, रस्त्याचा आवाज नाही. तिथं गादी घातली, पांढरी चादर, लोड, सगळं. “अप्पा, आवडली ना खोली?” असं तिनं विचारलं. “झकास,” हे म्हणाले. आणि दुसऱ्याच दिवशी गौरव्वानं हॉलमधला सोफा फाडायला घेतला. हा सोफा मोरपंखी रंगाचा, वास्तुशांतीला मी आहेर म्हणून दिलेला, धारवाडच्या सुभाष रोडवर सहा दुकानं पालथी घालून निवडलेला. तेव्हा मांजर त्यांची, घर मुलीचं आणि सोफा माझा, म्हणून न्यायनिवाड्याला मी. फोन आला की बस धरायची आणि उणकलला उतरायचं. आमची मंडळी पुण्याला मुलाकडे नातवंडांच्या सेवेत, त्यामुळे घरी काम आहे अशी सबब सांगायचीही सोय नाही.

मुलगी फोनवर वाचून वाचून उपाय करत होती. दोरी गुंडाळलेला नखं घासायचा खांब मागवला. तो हॉलमध्ये बरा दिसत नाही म्हणून बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवला. गौरव्वानं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नखं कापायची ठरली. मी टॉवेलात मांजर धरायची आणि जावयानं कापायची अशी वाटणी झाली, आणि त्यात रक्त निघालं ते माझं. संत्र्याचा वास मांजरांना खपत नाही म्हणून सोफ्यावर साली पसरायच्या ठरल्या. साली निघाव्यात म्हणून व्याह्यांनी निष्ठेनं संत्री खाल्ली आणि त्यांना खोकला झाला.

शेवटी व्याह्यांनी प्रकरण आपल्या पद्धतीनं हाती घेतलं. दुकानातून तुकडे मागवले आणि सोफ्यावर एकेक अंथरून मांजरीला दाखवू लागले. “बा, गौरव्वा, बा,” असं कन्नडमधून जवळ बोलावून पॉपलीन दाखवलं, सॅटिन दाखवलं, रेक्झिन दाखवलं. ती प्रत्येकाला एकदा पंजा लावायची, फाडायची आणि तोंड फिरवायची. “पसंत नाही तिला. दुसरं दाखवूया की. दाखवायला काय जातंय?” हॉलमध्ये कापडाचा ढीग, त्यात जमिनीवर बसलेले व्याही, समोर पाठ फिरवलेलं गिऱ्हाईक, आणि मी दारात चपला काढतोय. मला तिथंच भिंतीला टेकून डोळे मिटून घ्यावेसे वाटले.

पण खरी गोष्ट पुढेच होती. दिवाळी आली तशी एक दिवस माझी बाही चाचपत ते हळूच म्हणाले, “मास्तर, पाडव्याला मी आपला दाजीबानपेठेला जातो. वरची खोली रिकामीच आहे. मांजर काय इथं रमत नाही बघा. उगीच पोरीच्या सोफ्याची नासाडी.” मी म्हटलं, “आणि तुम्ही?” “माझं काय, मी झकास आहे की.” मुलगी स्वयंपाकघरात ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सुनेनं सोफ्यापायी सासऱ्याला घालवलं असं पेठ म्हणेल याचं दुःख होतंच, पण ते थोडं. “बाबा, ते तिथं पुन्हा पडले तर कळणारसुद्धा नाही कुणाला,” ती मला म्हणाली. “मी काय कमी केलं हो त्यांना?” चाळीस वर्षं पोरांना नद्यांचे उगम सांगितले, पण माणूस कुठं अडलाय ते सांगता येत नाही.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात घराची साफसफाई निघाली. मला अर्थातच बोलावणं होतं. मागची खोली पुसायची म्हणून जावयानं आणि मी गादी उचलून गोणपाटासकट हॉलमध्ये आणून टाकली, सोफ्याच्या शेजारी, नुसती तात्पुरती. मी कंबर धरून उभा होतो. तेवढ्यात गौरव्वा कुठून तरी आली. गादी हुंगली, बाहेर आलेल्या गोणपाटावर चारी पाय रोवून अशी काही नखं घासली की खोलीभर खरखर झाली. मग गादीवर चढली आणि पोट वर करून झोपली. मागोमाग व्याही चहा घ्यायला बाहेर आले, आणि सवयीनं मांडी घालून त्याच गादीवर बसले. लोड ओढून घेतला. दार साफसफाईसाठी उघडंच होतं. जिन्यानं गॅसवाला जात होता, त्याला म्हणाले, “या की, पाणी प्या.” समोरच्या फ्लॅटमधल्या बाई चावी विसरल्या होत्या, त्यांना बसवलं आणि त्यांच्या साडीचा पोत विचारला. खालच्या मजल्यावरचे निवृत्त कारकून आवाज ऐकून वर आले. इतक्या महिन्यांत या माणसाचा एवढा आवाज त्या घरात कुणी ऐकला नव्हता.

मुलगी हातात फडकं घेऊन बघत राहिली. सगळे गेल्यावर ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. “अप्पा, मागच्या खोलीत करमत नव्हतं, तर सांगितलं का नाही?”

“तू एवढ्या हौसेनं दाखवलीस खोली,” व्याही म्हणाले. “नाही कसं म्हणायचं पोरी?”

मुलगी उठली आणि बाल्कनीतला खांब उचलून गादीशेजारी आणून ठेवला. “शोभा जाते ती जाऊ दे,” म्हणाली. माझा सोफा मागच्या खोलीत गेला. कुणी मला विचारलं नाही, आणि खरं सांगतो, मला वाईटही वाटलं नाही.

पाडव्याला मी धास्तावतच गेलो. यांची बॅग भरलेली असली तर ती उचलून दाजीबानपेठेला पोचवायचं कामही माझ्याच गळ्यात पडणार. दार उघडं होतं. गादीवर नवी चादर, कोपऱ्याला हळदकुंकू, समोर पणती. गौरव्वानं खांबावर दोन हात मारले आणि येऊन आपल्या जागी बसली. बॅग कुठं दिसेना. मी विचारलं, “मग जायचं कधी?” ते म्हणाले, “बघूया की.” इतक्या वर्षांत या शब्दांचा अर्थ मला पहिल्यांदाच लगेच कळला.

मी सवयीनं बसायला खुर्ची शोधू लागलो. त्यांनी माझी बाही धरली. कापडाबद्दल काही बोलले नाहीत, नुसतं खाली ओढलं. “खुर्ची कशाला मास्तर? इकडं या.” आणि मांजरीच्या अलीकडे राहिलेल्या वीतभर जागेवर त्यांनी हात आपटला. गौरव्वा तसूभर हलली नाही. मी उरल्या कडेवर कसाबसा टेकलो, गुडघे दुखत होते, पाठीला लोडाचा कोपरा लागला. मुलीनं चहा आणला, आम्हा दोघांना एकाच ताटलीत फराळ दिला. धारवाडला लवकर पोचावं म्हणून मी एरवी दिवेलागणीला उठतो. घरी कुलूपच असतं, पण उठतो. त्या दिवशी पणतीत दोनदा तेल घालून झालं, तरी मला कुणी ऊठ म्हटलं नाही, आणि मीही उठलो नाही.