सागाला पानं आल्यावर

फोनवर दिगंबरचं नाव दिसलं, म्हणून मी नेहमीसारखाच ओरडलो, "काऊन बे, आज कोणाची बॅटरी बसली?" पलीकडून वहिनींचा आवाज आला. "भाऊजी, लवकर या हो..." मोताळ्यात आमची घरं जवळजवळच. पण मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. एवढा बडबड्या माणूस, आणि जाताना माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मला त्याचा रागच आला. अजूनही येतो.

जिथं विजेची तार पोचत नाही तिथं यंत्र चालवायचं, तर सोलर पॅनल केवढं आणि बॅटरी केवढी, हे ठरवून द्यायचं काम दिगंबरचं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी त्याच्या गाडीवर मागं बसून हिंडायचो. गावात गेला की हा आधी एखाद्या म्हातारीच्या ओसरीवर टेकायचा. "माय, पावसाची झड लागली की सूर्य किती दिवस दिसत नाही?" म्हातारी न वाळलेल्या लुगड्यांवरून, न पेटणाऱ्या गोवऱ्यांवरून आठवून सांगायची. तिच्या आकड्यात हा स्वतःचा एक दिवस वाढवायचा आणि तेवढे दिवस उन्हाशिवाय पुरेल अशी बॅटरी घ्यायचा. "उन्हात तर कोणतंही यंत्र चालते बे," म्हणायचा. मी त्याला झडीचा ज्योतिषी म्हणून चिडवायचो.

सोनाळ्याच्या वरच्या डोंगरात एका नाल्यावर त्यानं पुराचा इशारा देणारं यंत्र बसवलं. वर पाणी चढलं की खालच्या वस्तीत भोंगा वाजायचा, कारण पोरं तोच नाला ओलांडून शाळेत जातात. रोज सकाळी यंत्र 'चालू आहे' एवढा मेसेज दिगंबरच्या फोनवर पाठवायचं. काम वैशाखात केलं. डोंगर भाजून निघत होता, सागावर एक पान नव्हतं. आषाढात झड लागली, मेसेज थांबला, आणि आम्ही पोचायच्या आत नाला येऊन गेला. भोंगा वाजलाच नाही! नशीब, काठावर तेव्हा कोणी नव्हतं. वर जाऊन पाहतो तर सागाच्या सुपाएवढ्या पानांची गच्च सावली पॅनलवर. दिगंबर डोक्याला हात लावून खालीच बसला. "सावली पाहाले मी उन्हाळ्यात आलतो! मले काही अक्कल हाय का नाही?" वस्तीतल्या एकानं कुऱ्हाड आणली, तर हा आडवा आला. "त्याले काऊन तोडता? चूक माही हाय." मग पलीकडच्या उघड्या कातळावर उंच खांब रोवून पॅनल तिकडं नेलं, बॅटरीही मोठी घातली. तरी बरेच दिवस त्याला जेवण गेलं नाही, असं वहिनी सांगतात.

तेव्हापासून त्याला खोडच लागली... मी मुलीसाठी स्थळ पाहून आलो, पोरगा हसतमुख आहे म्हणालो, तर हा म्हणे, "आता उन्हाळा हाय. पानं आल्यावर कसा राह्यते ते पाह्य." आमचे जावई गुणी निघाले, पण कधी रुसले की मुलगी म्हणते, "पानं आली वाटते!" मग तेही हसतात.

यंदा वैशाखात आम्ही दोघं वर जाऊन त्या यंत्राची बॅटरी बदलून आलो, आणि थोड्याच दिवसांत तो गेला. पुण्याहून आलेला मुलगा म्हणाला, "आई, बाबांचा नंबर बंद करून टाकू." वहिनी म्हणाल्या, "एक झड जाऊ दे. मंग पाहू." त्या फोन चार्ज करून देवघराजवळच्या कोनाड्यात ठेवतात आणि सकाळी मेसेज आला की मला कळवतात. तोवर मला चहा गोड लागत नाही. यंत्र बंद पडलं तर पोरांचं काय, ही धास्ती आहेच. आणि दुसरी धास्ती अशी, की त्याचा हिशेब चुकला तर त्याची बाजू घेऊन भांडायला आता तो नाही.

गेल्या आठवड्यात झड लागली. परवा त्या वस्तीतल्या म्हातारीनं सांगितलेले दिवस सरले. काल उजाडला तो दिगंबरनं वाढवलेला दिवस. मला घरात बसवेना. छत्री घेऊन त्यांच्याकडं गेलो. वहिनी कोनाड्यासमोरच बसल्या होत्या. मी शेजारी टेकलो, तोच फोन वाजला. वहिनींनी पदरानं काच पुसली, वाचलं आणि बाहेरच्या भरलेल्या आभाळाकडं पाहत म्हणाल्या, "भाऊजी, ऊन नाही, हे नाहीत... तरी चालू हाय हो."